औषध छातीत उतरेपर्यंत

वडील चाकणच्या एका कंपनीत पेंट शॉपला, गाड्यांना रंग मारायच्या विभागात होते. गेल्या थंडीत दमा इतका वाढला की त्यांना पिंपरीच्या दवाखान्यात व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. मी दुपारी भेटायला जायचो, तेव्हा एक सिस्टर त्यांना वाफेचं औषध देत असायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. मास्कच्या वर फक्त डोळे दिसायचे, बोलणं मराठवाड्याकडचं.

आधी ती खाटेची डोक्याकडची बाजू उंच करायची. व्हेंटिलेटरच्या नळीत साचलेलं पाणी काढायची, नळीच्या मधला फिल्टर बाजूला ठेवायची. औषध सुरू झालं की वडिलांच्या छातीवर नजर लावून उभी राहायची.

एकदा मी म्हटलं, "ताई, मशीन करतंय की सगळं. बसा ना जरा."

"मशीन श्वास देतंय, भाऊ. औषध मात्र नळीलाच चिकटून राहतंय, फिल्टर राहिला तर त्यातच अडकतंय. बाबांच्या छातीत उतरलं तरच खरं."

औषध संपल्यावर तिने फिल्टर आठवणीने परत बसवला.

काही दिवसांनी वडिलांच्या घशातली नळी निघाली. आभार मानायला मी तिला शोधत गेलो. ती दुसऱ्या एका पेशंटच्या खाटेपाशी उभी होती. माझ्याकडे न वळता तिने हातानेच थांबायची खूण केली. त्या माणसाचं औषध संपेपर्यंत मी दाराशी थांबलो.