दिव्याभोवतीचं खळं

एकोणीसशे तीसच्या सुमारास चौलच्या किनाऱ्यावर एक म्हातारा तांडेल रोज संध्याकाळी कंदिलाकडे टक लावून म्हणे, "खळा परलाय. वादल येल." चंद्राचं खळं कोळ्यांना वादळ सांगतं, याला तर प्रत्येक दिव्याभोवती खळं दिसे. त्याच्या शब्दावर होड्या वाळूतच निजून राहत.

मी गावचा शाळामास्तर, त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी आरशानं उजेड पाडून त्याच्या डोळ्याच्या तळाचं चित्र काढलं. केशरी चंद्र, मधोमध खळगा. "काचबिंदू आहे. थेंब घाला, नाहीतर उरलेली नजरही जाईल."

चित्र न्याहाळून तो हसला. "वादल माझेच डोल्यान व्हतं तं."

थेंबांनी खळी विरली, पण आता तो कंदील माझ्यासमोर धरी. "मास्तर, खळा हाय?"

एकदा मी गमतीनं "हाय" म्हटलं. त्यानं शांतपणे माझ्याही डोळ्यांत थेंब टाकले आणि किनाऱ्याकडे हाक दिली, "जा रं, वादल मास्तरचे डोल्यान हाय." जग मंद, धूसर झालं आणि त्यातून होड्या तरंगत निघाल्या.