घरच्या लेथवर कंपनीचा कट

मंडळी, डोकं फिरलंय आज. अठरा वर्षं इच्छापोरच्या कारखान्यात लेथ, म्हणजे धातू कातायचं मशीन, चालवतोय आणि घरातल्या टीचभर लेथने माझी लाज काढली.

मॉडेल गाडीची चाकं घरीच बनवायची हौस, म्हणून मशीन घेतलं. दुकानदार म्हणाला, "भाई, आ नानुं मशीन छे, धीमे धीमे कापजो." मशीन लहान आहे, हळूहळू काप म्हणे! मी हसलो. हा मला शिकवणार!

सकाळी बायकोने मशीनला हळदकुंकू लावलं, मी नारळ फोडला. मशीनच्या पकडीत, म्हणजे चकमध्ये, ॲल्युमिनियमचा तुकडा बांधला आणि हाताच्या सवयीने दिला कंपनीतल्या मोठ्या लेथवर देतो तसा एका दमात दोन मिलिमीटर खोल कट. मशीन किंचाळलं, अडकलं, पट्टा तुटला आणि तुकडा उडून थेट पूजेच्या ताटात! बायको ओरडली, "अहो, आपली पोरगी इथं उभी असती तर?"

तरी मला वाटलं, चूक मशीनचीच. तावातावाने दुकानदाराला फोन लावला. त्याने शांतपणे विचारलं, "कट कितना दिया था?"

सांगितलं. मग म्हणतो, "भाई, लेथ पहली बार चला रहे हो क्या?"

अठरा वर्षं सांगायची हिंमतच झाली नाही. "हां" म्हटलं आणि फोन ठेवला.

तुम्ही काय म्हणाला असता?