जहाजावरचा माणूस

शर्टांना बटणं लावणाऱ्या बायकांच्या खोलीत पुस्तकवालीचा वेगळाच मान होता. दुपारी ती मोठ्यानं कादंबरी वाचायची आणि तिच्या वाटणीचे शर्ट बाकीच्या वाटून घ्यायच्या. आवाज गोड, लग्न राहून गेलेलं, एका मैत्रिणीबरोबर राहते, एवढं तिच्याबद्दल सगळ्यांना ठाऊक होतं आणि तेवढं त्यांना पुरत होतं.

या खेपेचं पुस्तक तिनं मुद्दाम निवडलं होतं. त्यात दोघीजणी मिळून खानावळ चालवतात, एकत्र म्हाताऱ्या होतात, एकीचं दुखणं दुसरी काढते. इकडे पुस्तकवालीची मैत्रीण अंथरुणाला खिळली होती आणि डॉक्टरांनी आशा सोडली होती. तिच्या उशाशी बसायला सुट्टी हवी होती. सुट्टी देणं मुकादमीणबाईंच्या हातात, आणि त्या आधी विचारायच्या, आजारी माणूस तुझं कोण लागतं? आपल्याला जे बोलता येत नाही ते गोष्टच बोलून टाकेल, अशी वेडी आशा पुस्तकवालीला होती.

पण तिसऱ्या प्रकरणात जहाजावरून एक माणूस उतरला, खानावळीत जेवला आणि निघून गेला. झालं! बायकांनी त्यालाच धरून ठेवलं. नायिका खिडकीशी उभी राहिली की त्याची वाट बघते, रडली की त्याच्यासाठी. रात्रभर मैत्रिणीचा हात धरून बसली तर, काय करील बिचारी, तो नाही ना जवळ! काखेत कळसा नि गावाला वळसा. सुईच्या नेढ्यात न चुकता दोरा ओवणाऱ्या या बायकांना नाकासमोरचं दिसत नव्हतं.

शेवटच्या पानावर मैत्रीण गेली. तो आलाच नाही. मुकादमीणबाई चिडल्या. लेखकानं फसवलं म्हणाल्या, बाईनं जन्मभर वाट पाहिली त्याचं काय?

"ती कोणाची वाट बघत नव्हती," पुस्तकवाली म्हणाली. "तिचं माणूस घरातच होतं."

"अगं, ती मैत्रीण," मुकादमीणबाई समजुतीनं म्हणाल्या. "मैत्रीण वेगळी, आपलं माणूस वेगळं."

त्यात दुष्टावा नव्हता. असता तर ती भांडली तरी असती. तिनं पुस्तक मिटलं आणि घरी आहे ती आपली मावसबहीण आहे, आज-उद्याची सोबतीण आहे, असं सांगून टाकलं. मग इतके दिवस मैत्रीण का म्हणत होतीस, हेसुद्धा कुणी विचारलं नाही.

"आधी नाही का सांगायचं?" मुकादमीणबाईंचे डोळे भरून आले. "रक्ताचं माणूस आहे. जा, लागतील तितके दिवस घे."

भर दुपारी तिला दारात पाहून मैत्रीण चकित झाली. सोडलं कसं, म्हणून तिनं विचारलं, तेव्हा पुस्तकवालीनं सगळं सांगितलं.

"म्हणजे मी गेल्यावर तुला तिथे बहिणीसाठी रडावं लागणार," मैत्रीण म्हणाली.

पुस्तकवालीनं मान डोलावली आणि चपला काढून तिच्या शेजारी आडवी झाली.