होडीतली मेथी

आदिलाबाद जिल्हा फुटला तेव्हा मला कोणी विचारलं नाही, आणि माझ्या मुलीला शिडाची होडी चालवायला शिकवली तेव्हाही नाही. पहिली गोष्ट हैदराबादेत ठरली, दुसरी नागपुरात माझ्या मेहुण्याच्या घरी. मुलगी त्याच्याकडे राहून कॉलेज करायची. तिथल्या तलावावर ती होडी चालवते, हे घरात सगळ्यांना कळून झाल्यावर मला कळलं.

आमचं वांकिडी नव्या आसिफाबाद जिल्ह्यात गेलं. आदिलाबादच्या कचेरीत कोणत्या टेबलाशी गोड बोलायचं आणि कोणत्या टेबलावर हात आपटायचा, हे शिकण्यात माझी अर्धी हयात गेली होती. ते सगळं वाया. बायको म्हणायची, "कचेरी घराजवळ आली तरी तुमी ओरडूनच राह्यले. काऊन?" तिला कोण समजावणार!

त्याच हिवाळ्यात हैदराबादच्या तलावावर शिडाच्या होड्यांची शर्यत होती. मेहुण्यानं होडी आणि मुलगी वांकिडीपर्यंत पोचवली. पुढचं काम माझ्याकडे आलं, कारण भाजीपाल्याची पिकअप गाडी माझी. मुलीची अट एकच, संध्याकाळच्या आत तलावावर पोचायचं. तिथं होडीची तपासणी होते आणि पास झाली तरच दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरू देतात. तिची ही पहिली मोठी शर्यत होती. आठवडाभर ती धड जेवली नव्हती.

मी हो म्हणालो. पण हातगाडीवरून पिकअपपर्यंत मी काही रिकामी गाडी पळवून आलो नव्हतो. होडी म्हणजे वरून उघडी, मध्ये पोकळ, मोठ्या परातीसारखी. एवढी जागा हैदराबादपर्यंत नुसती हवा वाहून नेणार? पहाटे मुलगी चहा पीत होती तेवढ्यात मी होडीत मेथीच्या जुड्या रचल्या, वर ओली पोती टाकली आणि ताडपत्री आवळली.

बेल्लमपल्लीला चहाला थांबलो. पाळी संपवून आलेले खाणकामगार गाडीभोवती जमले. ताडपत्रीबाहेर आलेली डोलकाठी आणि तिच्या टोकाला मी बांधलेलं लाल फडकं त्यांनी निरखून पाहिलं.

एक जण म्हणाला, "सेठ, खदान में पानी भर गया क्या? नाव मंगाई है?"

"हां, तेरे लिएच लाया. बैठ!" मी म्हणालो, आणि ताडपत्रीचा कोपरा उचलून डबाभर पाणी आत ओतलं. मेथी पाण्यावाचून मान टाकते.

मुलगी ग्लास ठेवून धावत आली. "बाबा, होडीत पाणी काऊन टाकून राह्यले?"

"होडीत नाही, मेथीवर."

"आणि मेथी कशात आहे?"

"होडीत. पाण्याला भ्यायला लागली तर मंग कशाची होडी?"

खाणकामगार पोट धरून हसले. मुलगी हसली नाही. गाडीत बसली ती हैदराबाद येईपर्यंत समोरच्या काचेतून बाहेर बघत. शहरात शिरताच मी ओळखीच्या आडत्याकडे मेथी उतरवली. जुडी न् जुडी ताजी होती, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो.

उजेडातच तलावावर पोचलो. होड्यांची रांग लागली होती. आमची होडी काट्यावर चढली तसा मी पुढे सरकलो, काट्याशी माझा जुना घरोबा. तपासणारे गृहस्थ पांढऱ्या टोपीतले, शांत. म्हणाले, "भारी है."

मला बरं वाटलं. माल भारी भरला तर वाईट कोणाला वाटतं? पण मुलीचा चेहरा उतरला. होडीच्या दोन्ही बाजूंना बंद कप्पे असतात आणि त्यात फक्त हवा असते. होडी उलटली तरी त्या हवेवर तरंगते. एका कप्प्याचं झाकण सैल होतं आणि माझं मेथीचं पाणी त्यातून आत उतरलं होतं. कप्प्यात पाणी म्हणजे होडी नापास.

मग मी सुरू झालो. काटाच खोटा आहे म्हणालो. काट्यावर वजन कमी भरावं म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदाच भांडत होतो, त्यामुळे जीभ जरा अडखळत होती.

"साहब, आधा आप छोड़ो, आधा हम छोड़ते."

"पानी में आधा नहीं होता, सेठ. या तो है, या नहीं है."

"हम आदिलाबाद के आदमी हैं!" मी आवाज चढवला.

"बाबा, आता आसिफाबाद," मुलगी मागून म्हणाली. सगळी रांग हसली. "आणि तुमी जरा तिकडे उभे राहा."

ती त्या गृहस्थांपुढे गेली. सूट मागितली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, "मेरी नाव सबसे आखिर में देखिए. मैं अपना नंबर पीछेवालों को देती हूँ."

मागचे सगळे एका क्षणात तिच्या बाजूचे झाले. गृहस्थांचंही काही जात नव्हतं. त्यांनी मान डोलावली. देणाऱ्याला देताना कळूही नये, असा सौदा मला आजवर जमलेला नाही. हे तिला मेहुण्यानं शिकवलं असेल तर त्याच्यावर माझा आणखी राग आहे.

आम्ही होडी आडवी केली. हिरवट पाणी वाहिलं, पाठोपाठ मेथीची पानं. मी खांद्यापर्यंत हात आत घालून माझ्या पंच्यानं कप्पा पुसू लागलो.

"बाबा, कोपऱ्यात."

"कोपऱ्यातच आहो."

"दुसऱ्या कोपऱ्यात."

दिवस मावळता मावळता आमची पाळी आली. काट्यानं या वेळी तक्रार केली नाही. गृहस्थांनी बॅटरी मारून आत पाहिलं, बोट फिरवलं आणि ते बोट हुंगलं.

"मेथी?"

"ताजी," मी म्हणालो.

"पास."

मुलीनं माझा ओला पंचा पिळून डोलकाठीवर वाळत घातला. रात्री तीन पोळ्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी मी काठावर उभा होतो. पाण्यावर सगळी शिडं पांढरी, सारखीच. शेजारच्या माणसानं विचारलं, "आपकी कौनसी?"

मी सगळ्यांत पुढचं शीड दाखवलं.

"वो तो मेरे बेटे की है."

मग मी त्याच्या मागचं दाखवलं.