बिघाडतात्यांचा गठ्ठा

आमच्या साखर कारखान्यात सगळेजण कॉम्प्युटरची भोकांची कार्डं जपायचे, तात्या ती मुद्दाम नासवायचे. एखादं चहाच्या बशीत बुडवून वाळवायचे, एखाद्याला खिळ्यानं जादा भोक पाडायचे, एखाद्याला मधोमध घडी घालायचे. असा नासक्या कार्डांचा गठ्ठा त्यांनी जिवापाड सांभाळला होता. आम्ही त्यांना बिघाडतात्या म्हणायचो.

कॉम्प्युटर नवा होता. एका शेताचं एक कार्ड, आणि त्यावरून ऊसतोडीच्या पाळीची यादी. कार्ड वाचता आलं नाही तर मशीननं थांबावं, गुपचूप पुढं जाऊ नये, एवढाच तात्यांचा हट्ट. ‘‘चांगल्या कार्डावर कुनीबी हुशार असतं. नासक्यावर काय करतंय ते दावा,’’ असं ते म्हणायचे.

घडीची कार्डं पुढच्याला चिकटून न वाचताच जायची, म्हणून तात्यांच्या गठ्ठ्यावर तपासताना प्रोग्रॅम तीन दिवस नापास होत होता. तो लिहिणारे साहेब डोकं धरून बसले होते. दुष्काळाचं वर्ष, विहिरी आटलेल्या, ऊस उभ्या जागी वाळत होता आणि यादीसाठी दारात शेतकरी ताटकळत होते. मी कार्डं पंच करायचे. खराब कार्ड दिसलं की नवं करायचं, हे अंगवळणीच पडलेलं. जेवणाच्या सुट्टीत मी घडीची सगळी कार्डं नवी केली आणि वरून नखानं खोट्या घड्यांच्या रेघा ओढल्या. मला सगळ्यांचीच कीव आली होती. संध्याकाळी प्रोग्रॅम पास झाला. तात्यांनी आनंदानं सगळ्यांना चहा पाजला.

पुढं नेवाशाहून तात्यांचा भाऊ सायकलवर खेपा घालू लागला, तोडीची टोळी कधी येणार म्हणून. तात्या त्याला म्हणायचे, ‘‘यादीत येईल तवा येईल. वशिला न्हाई लावनार.’’ तिसऱ्या खेपेला त्यानं उसाचं वाळकं टिपरू टेबलावर ठेवलं. तात्यांनी सगळ्या याद्या वाचल्या. भावाचं नाव कुठंच नव्हतं. त्याच्या शेताचं कार्ड सापडलं, मधोमध घडी पडलेलं.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. कार्ड हातात धरून ते माझ्याकडे वळले. ‘‘तपासताना घडीची कार्डं घातली हुती की गं मी. नीट दुमडली नसतील माझ्या हातनं.’’

मी पुढचं कार्ड पंच करायला घेतलं.

महिन्याभरात ते काम सोडून भावाकडे गेले. जाताना गठ्ठा माझ्या हाती दिला, सांभाळ म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी त्यात खऱ्या घड्या घातल्या, साहेबांना सगळं सांगितलं, प्रोग्रॅम दुरुस्त करून घेतला. तात्यांना मात्र सांगायला गेले नाही. तेवढी हिंमतच झाली नाही, आणि आता ते नाहीत.

तात्या, तुम्ही घडी नीटच घातली होती.