खालच्या चार ओळी

"थांब. पहिले सांग, आता काय होईन?"

गोष्टीच्या पुस्तकाचं पान उलटण्याआधी बाई त्यावर तळहात ठेवायच्या. पोरांनी काहीतरी सांगितल्याशिवाय हात उचलायच्या नाहीत.

कारखान्याजवळच्या मरोदा वस्तीत त्यांची बालवाडी होती आणि शेजारीच माझं घर. तुम्हीही अशी बाई पाहिली असेल, दुसऱ्याच्या पोराचं नाक स्वतःच्या पदरानं पुसणारी.

त्यांनी एक चित्रपुस्तक केलं. चित्रंही त्यांचीच. कारखान्याचा भोंगा वाजला की आपली आईच हाक मारते, असं समजून धावणारं कोंबडीचं पिल्लू. वही घेऊन माझ्याकडे आल्या. "भाऊ, तुम्ही प्लांटच्या ऑफिसात इंग्रजी लिहिता. हे कुठं पाठवता येईन का?"

मी इंग्रजी केलं. मोठे प्रकाशक थेट घेत नाहीत, मध्ये एजंट लागतो, असं कळलं.

"एजंट म्हंजे विमेवाला?"

"तसाच. पण हा गोष्टी विकतो."

"विमेवाल्याले तरी मरणाची भीती दाखवता येते. हा काय दाखवीन, पिल्लू?"

माझ्या ईमेलवरून सात एजंटांना पाठवलं. पहिला नकार आला तेव्हा सांगायला धीर झाला नाही. पुढची पत्रंही आभार मानून 'जमणार नाही' म्हणू लागली. मी पहिली ओळ वाचून बंद करायचो.

"आलं का जी काही?" भिंतीपलीकडून रोजचा प्रश्न.

"वेळ लागतो, बाई."

वर्षभर हेच. मग त्यांनी विचारणं सोडलं. एका दुपारी पोरं पिल्लाची चित्रं घेऊन घरी जाताना दिसली. बाईंनी वही उसवून पानं वाटून टाकली होती. "कोणाले नाही पाहिजे, त लेकराईले त पाहिजे."

त्यानंतर कधीतरी मी जुने ईमेल पुसत होतो. पाचवं पत्र चुकून खालपर्यंत सरकलं. नकाराखाली चार ओळी होत्या. पिल्लू फार आवडलं. शेवट अर्धा करा. आणखी दोन गोष्टी असतील तर त्यांच्यासह पुन्हा पाठवा. वाट पाहते.

मी मोबाईल पालथा ठेवला. पुन्हा उचलून तारीख पाहिली. दीड वर्ष झालं होतं.

तसाच उठून गेलो, सगळं सांगितलं. बाई रागावल्या नाहीत.

"बाकीची सहा?"

"नकार."

"वाचा."

पोरांच्या सतरंजीवर बसून मी सातही पत्रं मराठीत वाचली. त्या ऐकत राहिल्या.

"भाऊ, मी दिवसभर लेकराईचं 'नाही'च ऐकत असते. हे सात ऐकून मेली असती का? कावून नाही सांगतलं?"



दुसऱ्या दिवसापासून त्या घरोघरी जाऊन पानं परत मागू लागल्या. हरवलेली नव्यानं काढली. शेवट अर्धा केला. इंग्रजी मी करून देतो म्हणालो.

"राहू द्या. मागच्या गल्लीतली पोरगी करून राहिली. तिनं मले ईमेल बी काढून देल्ला."

पुढच्या वर्षी त्या लेकीकडे वर्ध्याला गेल्या. जाण्याआधी घरी येऊन चहा घेतला, माझ्या बायकोला कुंकू लावलं. पुस्तकाबद्दल त्या बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. आता त्या घरात दुसरे लोक राहतात. एजंटचं उत्तर आलं असेल, तर ते बाईंनी स्वतः उघडलं असेल.