दुर्बिणीचं बारदान

वाशीमच्या स्टेशनावर बाबा मला सोडायला आले ते थेट बाजारातून, खांद्यावर हमालीचं पोतं तसंच. हैदराबादची गाडी हलली तेव्हा एवढंच म्हणाले, "कुठंई जाय, पहिले बारदान तोल." बारदान म्हणजे रिकामं पोतं. त्याचं वजन वजा केल्याशिवाय माल किती ते कळत नाही, आणि आमच्याकडे अडते शेतकऱ्याला गंडवतात ते तिथंच. पोतं एक किलोचं, कापायचे दोन.

आसेगावच्या मित्रांनो, आणि पोटासाठी आसेगाव सोडलेल्यांनो, माझी नोकरीही बारदान तोलायचीच निघाली. प्रचंड फुग्याखाली दुर्बीण बांधून वर सोडायची, तिनं आकाशातले गॅमा किरण मोजायचे. पण वैश्विक किरणांचा मारा हवेवर आणि दुर्बिणीच्याच लोखंडावर सतत होतो, त्यातूनही गॅमा किरण निघतात. दुर्बिणीला दोन्ही सारखेच. आकाश कोरं असतं तर तिनं किती मोजले असते, हे कॉम्प्युटरवर लुटुपुटूचे किरण सोडून काढायचं आणि वजा करायचं. तेव्हा कॉम्प्युटरला आकडे कार्डांवर भोकं पाडूनच द्यावे लागत; पाडून पाडून माझी बोटं दुखायची.

एका उड्डाणात आकडे जादा आले. आकाशात नवं काही सापडलं म्हणून पेढे वाटले. मीही खाल्ले. मग उड्डाणाची वही चाळली. फुग्याचं ओझं कमी करायला लोखंडी छर्रे खाली सोडतात. त्या दिवशी झडप अडकली होती, छर्ऱ्यांची पेटी दुर्बिणीखाली भरलेलीच राहिली, म्हणजे किरण सोडणारं तेवढं लोखंड जादा. मला दिलेल्या तक्त्यात मात्र पेटी रिकामी. भरलेली धरून पुन्हा गणित केलं. जादा आकडे गायब.

आमच्या साहेबांना दाखवलं. वाटलं, दचकतील. ते म्हणाले, "मला माहीत आहे. पेटी रिकामीच धर आणि सही कर. तुझी पत्रकबाजी इथं नको."

नोकरीआधी मी काटामारीवर पत्रकं काढायचो, ते त्यांना ठाऊक होतं. जात विचारणारे घरमालक मी धरूनच चाललो होतो. पण अडत्याची काटामारी, इथं? एवढ्या शिकलेल्या माणसांत?

रजा टाकून घरी आलो. सगळं ऐकून बाबा पाठ थोपटतील असं वाटलं. त्यांनी विडी विझवली.

"सही करून टाक ना. म्या इतके वर्सं पाह्यलं, काट्यापाशी कधी तोंड उघडलं काय?"

"मंग मले कायले शिकोलं?"

"तुले मालूम असावं म्हनून. घरी येऊन तं खरंच सांगत होतो ना."

सांगत होते. रोज जेवताना, कोणाचं किती कापलं ते मायला. मी त्यालाच लढा समजलो होतो. बाबांच्या त्या लढ्यावर पत्रकंसुद्धा काढली होती!

परत जाऊन सही केली, भरलेल्या पेटीच्या तक्त्यावर. खाली लिहिलं, आकाशात जादा काही नाही. नोकरी गेली.

बाबांवर रागवू कसा? ते काट्यापाशी बोलले असते तर हमाली गेली असती आणि मी शिकलोच नसतो. घर म्हणजे माझ्यासाठी आजही ते ताट, जिथं खरं वजन बोललं जायचं. फक्त तिथंच बोललं जायचं, हा धक्का अजून ओसरला नाही. बाबा, मी ते घराबाहेर नेलं, एवढंच.